देणगीचे पाणी कोणत्या पाटाने येते?

(कोल्हापूर येथील बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे आणि शेवटच्या ठरावावर चर्चा करावी, यासाठी छापले आहे.)



तुम्ही जत, आटपाडी, मंगळवेढ्यापासून ते परभणी-यवतमाळपर्यंतच्या मुलखातून आलात. ज्वारी-कापसाची माणसे उसाच्या गावात बैठकीला आली आहेत. सकाळी दोघातिघांनी मला विचारले, कापसाच्या भावावर बोलायचे सोडून निवडणुकीच्या देणग्यांवर भाषण कशाला? आणि तेही कोल्हापुरात कशाला?

प्रश्न रास्त आहे. आज आपल्यासमोर एक ठराव आहे. येत्या निवडणुकांसाठी आपल्या संघटनेला निधी द्यायला काही मंडळी तयार झाली आहेत. आपला माल विकत घेणारे आणि आपल्याला बियाणे-औषधे विकणारे असे काही व्यापारी एकत्र बसले, आपसात आकडा ठरवला आणि निरोप पाठवला. रक्कम मोठी आहे. आपल्या तिजोरीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, यावर हात वर करण्याआधी अशा एकत्र देणगीचा व्यवहार कसा चालतो हे समजून घ्या. तो समजायला कोल्हापूरसारखे ठिकाण नाही. कारण राजकारणाला पैसा पुरवणारी यंत्रणा या राज्यात पहिल्यांदा नीट बांधली गेली, ती उसाच्या आणि सिमेंटच्या बळावर.

शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले होते, की पाऊस किती मिलिमीटर पडला एवढेच मोजू नका, मुळाशी किती मुरला ते मोजा. देणगीचेही तसेच आहे. कोणी किती दिले याची चर्चा फार होते. ती कुठे गोळा झाली, कोणी वळवली आणि कुणाच्या मुळाशी मुरली, हे कोणी विचारत नाही.

दिल्ली नव्हे, राज्य

मोठा पैसा दिल्लीला जातो असे आपण समजतो. पण ज्याला काम करून घ्यायचे असते तो राज्याकडे बघतो. बाजार समितीचा कायदा राज्याचा. सहकाराचा कायदा राज्याचा. पाटबंधारे, शेतीपंपाची वीज, जमीन बिगरशेती करण्याची परवानगी, साखर कारखान्याच्या कर्जाची थकहमी हे सगळे मुंबईत ठरते. दिल्लीतल्या निवडणुकीला लागणाऱ्या पैशाच्या मानाने राज्यातल्या चार-दोन जागा फिरवायला पैसा कमी लागतो आणि काम जास्त होते.

हे गणित जगभर चालते. अमेरिकेत कोलोरॅडो नावाचे राज्य आहे. तिथे २००४ साली टिम गिल, पॅट स्ट्रायकर, रट ब्रिजेस आणि जेरेड पोलिस हे चार श्रीमंत लोक एकत्र आले. ज्याने त्याने आपापल्या आवडीच्या उमेदवाराला पैसे द्यायचे, ही जुनी रीत त्यांनी सोडली. कामगार संघटना आणि इतर संस्था यांना एका टेबलाभोवती बसवले. विधिमंडळाच्या थोड्या, काठावरच्या जागा निवडल्या. मतदारांची पाहणी कोणी करायची, पत्रके कोणी छापायची, दारोदार कोणी जायचे हे वाटून घेतले आणि त्याप्रमाणे पैसा सोडला. त्या निवडणुकीत त्या राज्याची दोन्ही सभागृहे कित्येक दशकांनंतर त्यांच्या बाजूच्या पक्षाकडे आली. चौघांपैकी पोलिस पुढे २०१८ साली त्याच राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. समोरच्या बाजूची तयारी तर त्याहून जुनी. तिकडे १९७३ पासून एक संस्था चालते. तिच्यात राज्यांचे आमदार आणि कंपन्यांची माणसे एकत्र बसून कायद्यांचे कच्चे मसुदे तयार करतात. तोच मसुदा मग एकामागून एक राज्यांत मांडला जातो.

डावे असोत, उजवे असोत, धडा एकच. सुटा पैसा फार काही करत नाही. ठरवून एकत्र केलेला पैसा थोडा असला तरी राज्य हलवतो.

सिमेंट आणि साखर

आता आपल्या राज्यात या. १९८० साली बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते. परवाना असेल त्यालाच सिमेंट मिळे. त्याच वर्षी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास निघाला. साहित्यिक-कलावंतांना मदत करायची, हा त्याचा जाहीर हेतू. त्या न्यासाकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी ही सगळी हकिगत छापली. प. बा. सामंत आणि इतर मंडळी हायकोर्टात गेली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, की बिल्डरांना मिळालेले सिमेंट आणि त्यांनी दिलेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला.

सिमेंटची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, साखरेची विसरली गेली. या प्रकरणात सहकारी साखर कारखानेही होते. ज्या कारखान्यांची कामे सरकारकडे अडकून पडली होती त्यांच्याकडे देणगी मागितली गेली, हा आरोप होता. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले, की साखर कारखान्यांच्या बाबतीत खटला चालवण्याजोगा सकृद्दर्शनी पुरावा आहे. पुढे १९८८ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने खटला हायकोर्टाकडे वर्ग करण्याचा आधीचा आदेश चुकीचा ठरवला. प्रकरण बरीच वर्षे रेंगाळले आणि अंतुले यांना शिक्षा झाली नाही. तेव्हा त्यांना गुन्हेगार म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. पण यंत्रणा कशी होती ते सगळ्यांनी पाहिले आणि आपल्याला तेवढेच पाहायचे आहे.

बिल्डराने स्वतःच्या खिशातला पैसा दिला. साखर कारखान्याने दिला तो कुणाचा? कारखाना सभासदांचा. कारखान्याची देणगी म्हणजे उसाच्या बिलात जे मिळायचे होते त्यातला भाग. देणारा शेतकरी, देणगीदार म्हणून फोटो चेअरमनचा, आणि काम कुणाचे झाले ते शेतकऱ्याला कधी कळत नाही.

टनावारी आकडा किती मोठा होतो हे कोरडवाहू माणसाला चटकन जाणवत नाही. राज्यात हंगामात आठ-दहा कोटी टन ऊस गाळला जातो. टनाला एक रुपया म्हटले, तरी आठ-दहा कोटी रुपये. आणि तो रुपया गोळा करायला गावोगाव फिरावे लागत नाही. दोनशेच्या आसपास कारखाने आहेत, एका बैठकीत निर्णय होतो. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मंत्री समितीच्या बैठकीत टनामागे १५ रुपये घ्यायचे ठरले. त्यातले १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्तांना. शेतकऱ्यांनी ओरड केली, तेव्हा सांगण्यात आले की हा पैसा कारखान्यांच्या नफ्यातून घ्यायचा आहे, शेतकऱ्याच्या बिलातून नाही. हा निधी पक्षाचा नव्हता, कारण पुराचे होते. पण पाट किती तयार आहे ते यावरून दिसते. एका खोलीत एक आकडा उच्चारला की तो राज्यभरच्या काट्यावर लागू होतो.

कायद्याची दारे कशी उघडली

कंपन्यांनी पक्षांना पैसा द्यावा की नाही, हा वाद मुंबईतच पहिल्यांदा गाजला. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनेत दुरुस्ती करायची होती. एक भागधारक विरोधात उभा राहिला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण ही वाट लोकशाहीला धोक्याची आहे आणि पार्लमेंटने तिच्याकडे लक्ष द्यावे, असा इशाराही दिला. पार्लमेंटने लक्ष दिले ते सोयीसोयीने. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही, काळा झाला. १९८५ साली नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत परवानगी परत आली. २०१३ च्या कायद्याने ती मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के केली. २०१७ साली मर्यादाच काढून टाकली आणि निवडणूक रोखे आणले.

रोख्यांची योजना २ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाली. स्टेट बँकेत रोखा घ्यायचा, पंधरा दिवसांत पक्षाने तो वटवायचा, आणि कुणी कुणाला दिला ते जनतेने विचारायचे नाही. रोखा हजार रुपयांचाही मिळत होता. पण किमतीने पाहिले तर नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे एक-एक कोटीचे विकले गेले. कोटी म्हणजे किती, ते आपल्या मापाने मोजू. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. एक कोटीला सुमारे २,६६७ क्विंटल ज्वारी होते. कोरडवाहू रब्बीला एकरी पाच क्विंटल धरले तर पाचशे तीस एकरांचे पीक. तो हमीभाव हातात पडला तर! एवढे पीक म्हणजे एक कागद.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. कोणत्या पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे कोर्टाने सांगितले. तोपर्यंत साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. याद्या बाहेर आल्या. त्यांत मेघा इंजिनिअरिंग या कंपनीच्या नावावर ९६६ कोटींचे रोखे होते. याच कंपनीला २०२३ साली ठाणे-बोरिवली बोगद्याचे काम मिळाले. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असे कोणत्याही कोर्टात सिद्ध झालेले नाही. अशा सगळ्या देवाणघेवाणीची विशेष पथकाकडून चौकशी करावी, ही मागणी सुप्रीम कोर्टाने २ ऑगस्ट २०२४ रोजी मान्य केली नाही. आपण एवढेच म्हणायचे, की यादी सहा वर्षे झाकून ठेवली नसती तर मतदाराने स्वतःच विचार केला असता.

रोखे गेले म्हणून पाट बंद झाला असे समजू नका. निवडणूक न्यास म्हणून एक व्यवस्था २०१३ पासून आहे. अनेक कंपन्या एका न्यासात पैसे टाकतात. न्यासाने वर्षभरात जमलेल्या देणग्यांपैकी ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटून टाकायची. न्यासाला पैसे कुणी दिले ते कळते, न्यासाने कोणत्या पक्षाला दिले तेही कळते. पण कुणाचा पैसा कुणाकडे गेला, हा धागा मधल्या हंड्यात विरघळून जातो. २०२४-२५ या एका वर्षात अशा न्यासांनी सुमारे ३,८०० कोटी वाटले. त्यांपैकी सुमारे ३,१०० कोटी भारतीय जनता पक्षाला गेले. अंतुल्यांच्या वेळी काँग्रेस सत्तेवर होती, तेव्हा ओघ तिकडे होता. पक्ष बदलला, पाण्याचा उतार बदलला नाही. पाणी सखल जागी जाते, देणगी सत्तेच्या जागी.

पाटाची चार माणसे

इतक्या उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात घ्या. ठरवून दिलेल्या देणगीत चार कामे असतात, आणि चारही कामे करणारी माणसे असतात.

पहिला गोळा करणारा. त्याला असे ठिकाण लागते जिथून पैसा आपोआप जातो. उसाचा काटा, परवान्याची खिडकी, कंपनीचा नफा.

दुसरा यादी ठरवणारा. कोणत्या मतदारसंघात, कोणत्या उमेदवाराला, केव्हा. हुशार यादीवाला दोन्ही बाजूंना देतो. निकाल काहीही लागो, मंत्रालयात त्याच्यासाठी खुर्ची मोकळी असते.

तिसरा पोहोचवणारा. तो फक्त नोटा पोहोचवत नाही. जीपगाड्या, डिझेल, पगारी माणसे, जाहिराती, सभेचा मांडव हीसुद्धा देणगीच असते आणि ती कोणत्याच वहीत येत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. ही फट १९७४ साली कायद्यात दुरुस्ती करून मुद्दाम ठेवली गेली.

चौथा आठवण ठेवणारा. हा सगळ्यांत महत्त्वाचा. निवडणूक संपल्यावर दिलेल्या पैशाचे नाव तो काढत नाही. भाव ठरायची बैठक असते, थकहमीची फाईल असते, चौकशीचे पत्र निघायचे असते, अशा दिवशी तो फक्त भेटायला येतो.

कोरडवाहूचा आवाज का पोहोचत नाही

आता कापूस-ज्वारीवाल्यांनी स्वतःला विचारावे, या चारांपैकी आपल्याकडे कोण आहे? एकही नाही. ज्वारी शिवारभर, दहा-वीस पोती प्रत्येकाची, बाजारात वेगवेगळ्या दिवशी जाते. कापूस एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली, तेव्हा आपल्याही चुकाऱ्यातून निधीच्या नावाने कपात होत असे. म्हणजे गोळा करायची जागा होती. पण किल्ली आपल्याकडे नव्हती, सरकारकडे होती.

परिणाम बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जबर आयातकर लावला. कापडधंदा अडचणीत आला. गिरणीवाल्यांची संघटना कच्च्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढा असे मागत होतीच. १९ ऑगस्टपासून शुल्क उठले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांत मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला नवा कापूस घरात येण्याचे नेमके महिने. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर होता. आयात मोकळी झाली तेव्हा आपली बोंडे अजून झाडावर होती.

हे देणगीमुळे झाले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि गिरण्यांची अडचणही खोटी नव्हती. मी एवढेच म्हणतो, की ज्यांची थैली एकत्र आहे त्यांचा कार्यालयात माणूस असतो, कागद तयार असतो, वेळ मिळते. ज्यांची थैली एकत्र नाही त्यांना निर्णय दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळतो.

आपल्याकडची दुसरी रीत

एकत्र देणे ही काय फक्त भांडवलवाल्यांची विद्या आहे? नाही. गावात जत्रा असते. घरटी वर्गणी ठरते. ज्याची ऐपत नाही तो धान्य देतो, तेही नाही तर मांडवाला बांबू आणून देतो. जत्रा झाली की चावडीसमोर हिशेब वाचतात. नारळ किती, तमाशाला किती, शिल्लक किती. पाच रुपयांचा मेळ लागला नाही तर म्हातारा उठून विचारतो, आणि पंचांना उत्तर द्यावे लागते. कुणाच्या एकट्याच्या पैशावर जत्रा झाली तर देव त्या एकट्याचा होतो, हे गावाला बरोबर कळते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. मूठ-मूठ धान्य जमवून त्यांनी बहुजनांच्या पोरांची वसतिगृहे चालवली. हीसुद्धा एकत्र केलेली देणगीच. मूठ देणाऱ्या बाईला वसतिगृहावर हक्क सांगता येत होता.

आणि निवडणुकीचे उदाहरण हवे असेल तर ते याच जिल्ह्यातले आहे. राजू शेट्टी २००४ साली शिरोळमधून आमदार झाले, २००९ साली हातकणंगल्यातून खासदार झाले. ‘एक व्होट, एक नोट’ अशी हाक होती. लोकांनी मत दिले आणि वर पैसेही दिले. समोर कारखानदारांची ताकद असताना हे घडले. २०१४ साली ते पुन्हा निवडून आले. २०१९ आणि २०२४ साली पडले, हेही सांगितले पाहिजे. लोकवर्गणी ही विजयाची हमी नाही. राजकारणात इतर शंभर गोष्टी असतात. पण दहा वर्षे दिल्लीत उसाच्या भावावर बोलायला ते जेव्हा उभे राहिले, तेव्हा निवडणुकीचा खर्च कुणी केला हे जिल्ह्यातल्या पोराटोरांना माहीत होते.

तुम्ही म्हणाल, उसाच्या पट्ट्यात पैसा खेळतो, आमच्याकडे एक पाऊस हुकला की दागिना गहाण पडतो. खरे आहे. म्हणून गणित लहान ठेवू. तालुक्यात शंभर गावे धरा. गावात शंभर घरे. घराला शंभर रुपये, तेही कापसाची पहिली वेचणी विकल्यावर किंवा ज्वारीची सुगी झाल्यावर. दहा लाख होतात. दुष्काळाच्या वर्षी पैसे नकोत, दोन दिवस प्रचाराला या, घरची भाकरी घेऊन या. हे दहा लाख व्यापाऱ्यांच्या आकड्यापेक्षा कमी आहेत. पण निवडून आलेल्या माणसाच्या डोक्यावर दहा हजार घरांचे ऋण राहते. व्यापाऱ्यांचा पैसा घेतला तर पाच-सात जणांचे. हमीभावाखाली खरेदी होताना आपला माणूस बाजार समितीत उभा राहील तेव्हा समोर तेच पाच-सात जण बसलेले असतील.

काही कार्यकर्ते म्हणतात, पैसे घेऊ आणि काम आपलेच करू. असे म्हणणारे प्रामाणिक आहेत, हे मला ठाऊक आहे. पण वर सांगितलेला चौथा माणूस विसरू नका. तो आज काही मागणार नाही. बोगस बियाण्याच्या तक्रारीचा पंचनामा व्हायचा असेल त्या दिवशी तो चहाला येईल.

करायची कामे आणि ठराव

प्रत्येक जिल्हा बैठकीने तीन कामे अंगावर घ्यावीत.

एक. आपण ज्या ज्या सहकारी संस्थेचे सभासद आहोत, मग ती सोसायटी असो, जिनिंग असो, सूतगिरणी असो की जिल्हा बँक, तिचा अहवाल वाचा. सहकार कायद्याच्या कलम ३२ ने सभासदाला ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क आहे. देणग्या, जाहिरात, निधी, किरकोळ खर्च या ओळींवर बोट ठेवा. प्रश्न लेखी द्या, सभेच्या आधी द्या, पोच घ्या.

दोन. निवडणुकीनंतर तीस दिवसांत प्रत्येक आमदार-खासदार उमेदवाराने खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तो हिशेब नाममात्र फी भरून कोणालाही पाहता येतो. वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी पक्षांनी निवडणूक आयोगाला द्यायची असते, आणि तीही खुली असते. तालुक्याला दोन शिकलेली पोरे या कामाला लावा. सापडेल ते गावात वाचून दाखवा. आरोप करू नका, फक्त वाचा. ऐकणाऱ्याला हिशेब समजतो.

तीन. आपली वर्गणी. पावतीशिवाय रुपया घ्यायचा नाही. हिशेब गावच्या चावडीवर वाचायचा, आणि ज्याने शंभर दिले त्याला हजाराचा जाब विचारायचा हक्क.

आता ठराव. मी तो असा मांडतो: ‘शेतकऱ्याचा माल विकत घेण्याचा, शेतकऱ्याला निविष्ठा विकण्याचा किंवा सावकारीचा ज्यांचा धंदा आहे, अशा व्यक्तींची वा गटांची निवडणूक देणगी संघटना घेणार नाही. कोणा एका घराची वर्गणी हजार रुपयांच्या वर घेणार नाही. जमा-खर्च दर तीन महिन्यांनी तालुका बैठकीत वाचला जाईल.’

हजाराची मर्यादा कमी वाटते, ती दोन हजार करा, असे दोन जिल्ह्यांचे म्हणणे आहे. त्यावर जरूर वाद घाला. पण पहिल्या वाक्यात फट ठेवू नका. व्यापारी मंडळींना उत्तर पाठवायचे आहे, आणि ते माझ्या सहीने जाणार नाही, तुमच्या ठरावाने जाईल. त्यांचे पैसे नाकारले म्हणून त्यांच्याशी वैर नाही. त्यांच्याशी उद्या भावावर बोलायचे आहे, आणि तेव्हा आपल्याला ताठ मानेने बोलता आले पाहिजे.

बैठकीत हात वर करण्याआधी प्रत्येकाने एवढेच करावे. खिशात हात घालून बघावे, आपण स्वतः शंभर रुपये द्यायला तयार आहोत का. ज्यांचे उत्तर होय असेल त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर करावा, आणि लगेच पावतीपुस्तकाकडे जावे. पुस्तके प्रत्येक जिल्हा प्रतिनिधीकडे आजच दिली आहेत.